काठी हातात असताना

माझी धाकटी बहीण डहाणूला असते. फोनवर ती फार बोलत नाही, पण परवा तिने सरळ प्रश्नच टाकला. "दादा, हिला कराटेच्या क्लासला घातलंय. सर म्हणतात की मुलांना वळण लागतं, चारित्र्य घडतं. खरंच घडतं का रे? तू एवढी पुस्तकं वाचत बसतोस, सांग की."

हिला म्हणजे माझ्या भाचीला. वय वर्षे दहा. क्लास संपताना सगळी मुलं गुडघ्यांवर बसून पाच वाक्यं मोठ्याने म्हणतात, जपानीतून. भाचीला ती तोंडपाठ आहेत, अर्थ विचाराल तर "ते सरांना माहीत" असं उत्तर मिळतं. मी शोधून तिला सांगितला. स्वतःचा स्वभाव सुधारत राहावा, निष्ठा सोडू नये, प्रयत्न सोडू नये, दुसऱ्याचा मान राखावा, आणि रागाच्या भरात हात उचलू नये. यावर तिचा प्रश्न असा की हातच उचलायचा नाही तर शिकवतात कशाला?

प्रश्न बिनतोड आहे. आईच्या प्रश्नापेक्षाही मला लेकीचा प्रश्न जास्त आवडला, आणि त्यामागे लागून गेले दोन महिने जे काही वाचलं, आठवलं, ते इथे लिहून ठेवतोय. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी जपानचं बघू, कारण ही वाक्यं तिथून आली. आपली समजूत अशी असते की हे सगळं हजार वर्षांपूर्वीच्या सामुराईंकडून आलं असणार. प्रत्यक्षात मारामारीच्या विद्येला "चारित्र्य घडवण्याचा मार्ग" म्हणायची पद्धत बरीच अलीकडची आहे. जिगोरो कानो नावाच्या बाविशीच्या आसपासच्या तरुणाने १८८२ साली टोकियोतल्या एका देवळाच्या जागेत आपली शाळा सुरू केली आणि जुन्या जुजुत्सूतले घातक डाव बाजूला ठेवून जूडो उभा केला. नावातला "जुत्सू" म्हणजे कसब, तो काढून त्याने "दो" म्हणजे मार्ग हा शब्द घातला. एका अक्षराचा फरक, पण सगळं त्यातच आलं. कानो पेशाने शिक्षक होता, पुढे शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयाचा प्रमुख झाला. कराटेचंही तसंच. ओकिनावा बेटावर आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शाळेत नेलं, आणि त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी १९२२ साली ते घेऊन टोकियोला गेले. फुनाकोशीही शाळामास्तरच. कराटेमध्ये पहिला वार आपला नसतो, हा त्यांचा नियम जगभर पोचला.

म्हणजे मास्तर लोकांनी मारामारीला शाळेत आणलं आणि शाळेत आणायचं म्हणून तिला नीतीची चौकट घातली. वाईट काही नाही त्यात. पण याच इतोसूंनी १९०८ साली शिक्षण खात्याला जे पत्र लिहिलं त्यात या विद्येचा पुढे सैनिकांना कसा उपयोग होईल हेही लिहिलं होतं. १९३१ पासून जपानच्या माध्यमिक शाळांत जूडो आणि केंदो सक्तीचे झाले. तीच गुडघ्यावरची बैठक, तेच वाकून नमस्कार, तीच निष्ठा. ती निष्ठा कुठे वापरली गेली ते आशियातल्या अनेक देशांना ठाऊक आहे. युद्ध हरल्यावर अमेरिकन प्रशासनाने शाळांतून या विद्या बंद केल्या, आणि त्यांची १८९५ पासूनची मोठी संस्था, दाय निप्पॉन बुतोकु काय, १९४६ साली बरखास्त झाली. चांगले नियम पाठ असणं आणि चांगलं वागणं यांचा संबंध वाटतो तितका जवळचा नाही, एवढं यावरून कळतं.

(जाता जाता. रवींद्रनाथांनी १९२९ साली ताकागाकी नावाच्या जपानी जूडो शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून घेतलं होतं, आणि तिथे मुलीही जूडो शिकत होत्या. आपण आज मुलींना कराटे शिकवतो म्हणून फार पुढारलो असं समजायचं कारण नाही.)

आता घरचं. आपल्याकडे तालीम आहे. लाल माती, लंगोट, मारुतीची तसबीर, वस्ताद. समर्थांच्या मारुतीपासून बलोपासनेची परंपरा आपण सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर मल्लखांबाचे मोठे वस्ताद. तालमीचे नियमही कमी कडक नाहीत. मातीला हात लावून कपाळाला लावायचा, वस्तादाच्या पाया पडायचं, पहाटे उठायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, अंगात आलेली ताकद गल्लीत दाखवायची नाही. "वस्ताद एक डाव राखून ठेवतो" असं आपण म्हणतो ते उगाच नाही. शिष्य कसा निघेल याची खात्री कुठल्याच वस्तादाला नसते.

पण या परंपरेतली जी एक तालीम मला सगळ्यांत जवळची वाटते ती पुण्याच्या गंज पेठेतली, लहुजी राघोजी साळव्यांची.

लहुजींचा जन्म १७९४ चा, पुरंदरच्या परिसरातला. मांग समाजातलं घर, आणि घरात शस्त्रविद्या पिढीजात. वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना पडले. पेशवाई गेल्यावर लहुजींनी पुण्यात तालीम काढली आणि तिथे दांडपट्टा, तलवार, कुस्ती, नेमबाजी शिकवायला सुरुवात केली. आता ही गोष्ट जरा डोळ्यांसमोर आणून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं पुणं. ज्याची सावली अंगावर पडली तरी विटाळ मानत, त्या जातीतला माणूस वस्ताद म्हणून बसलेला, आणि वरच्या जातीतली मुलं त्याच्याकडे शिकायला येतायत. कुस्तीत अंगाला अंग लावल्याशिवाय डाव बसत नाही. एकाच मातीत लोळायचं, एकाच मातीचा घाम पुसायचा. तिथे सोवळं कुठल्या खुंटीवर टांगणार?

या तालमीत जोतीराव फुले तरुणपणी दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडकेही इथलेच, ज्यांनी १८७९ साली बंड केलं. बंडाची गोष्ट आपल्याला शाळेत शिकवतात. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती शाळेची गोष्ट. जोतीराव-सावित्रीबाईंनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा पहिली अडचण विरोधकांची नव्हती, मुलं आणायची होती. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षराजवळ येऊ दिलं नाही ते आईबाप आपल्या मुलांना कुणाच्या भरवशावर पाठवणार? तेव्हा वस्तीवस्तीत जाऊन लोकांना समजावलं ते लहुजी वस्ताद आणि राणबा महार यांनी. लहुजींच्याच नात्यातली मुक्ता साळवे त्या शाळेत शिकली, आणि १८५५ साली "ज्ञानोदय"मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. लिहिणारी मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. आजही वाचताना अंगावर येतो.

माझ्या मते लहुजींच्या तालमीने घडवलेलं चारित्र्य म्हणून दाखवायचं असेल तर हा निबंध दाखवावा. ज्या वस्तादाचा दरारा होता त्याने तो दरारा मुलं शाळेत पाठवण्यासाठी वापरला. तालमीत काय नियम पाठ करून घेत होते कोण जाणे. पण तालमीचं दार कुणाला उघडं होतं आणि वस्ताद स्वतःचा शब्द कशासाठी खर्च करत होता, हे शिष्य बघत होते.

बहिणीला मी एवढंच सांगितलं. क्लासमधली ती पाच वाक्यं सोड. सर एखाद्या दांडग्या मुलाला कसं आवरतात ते बघ, आणि फी भरायला उशीर झालेल्या मुलाला कुठे उभं करतात ते बघ. काय ते तिथेच कळेल. ती म्हणाली, "बघते." तिने पाहिलं की नाही ते मी विचारलेलं नाही.

लहुजींनंतर महाराष्ट्रात व्यायामशाळांचं मोठं पीक आलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय तर सगळ्यांना ठाऊक आहे. बलवान शरीरात बलवान मन, आणि बलवान मनातून स्वराज्य, असा हिशोब होता. अमरावतीच्या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. कौतुकाचीच गोष्ट. पण शरीर कमावण्याचं वेड आणि नीती यांची फारकत कुठवर होऊ शकते ते पाहायला त्या वर्षी बर्लिनइतकी चांगली जागा जगात दुसरी नव्हती.

असो. ही सगळी शहरांची गोष्ट झाली. डहाणूची नाही.

डहाणू-तलासरीचं नाव काढलं की आपल्याला चिकूच्या वाड्या, समुद्रकिनारा आणि भिंतीवरची वारली चित्रं आठवतात. बहिणीकडे मीही वर्षानुवर्षं चिकू खायलाच जात होतो. त्याच तालुक्यात पूर्वेकडे, रेल्वेच्या रुळांपलीकडे, डोंगराकडे गेलं की पाडे लागतात. तिथे कुणी व्यायामशाळा काढायला गेलं नव्हतं. तिथे काठी होती, पण ती जमीनदार-सावकाराच्या माणसाच्या हातात होती. चाबूकही होता.

हे मी रंगवून सांगत नाही. मुंबई सरकारनेच डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला नेमलं होतं. त्याचा १९३० च्या दशकाच्या अखेरीचा अहवाल आहे. वेठ कशी घेतली जाते, माणसं कशी राबवली जातात हे सरकारी भाषेत, पण स्वच्छ लिहिलंय. लग्नासाठी थोडं कर्ज काढायचं आणि त्याच्या फेडीपायी नवराबायकोने जन्मभर सावकाराच्या घरी राबायचं. अशा माणसाला "लग्नगडी" म्हणत. शब्द किती साधा आहे! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल लग्नात मदत करणारा गडी असेल.

अशा माणसांना शौर्य कसं शिकवायचं? कानोंच्या आणि लहुजींच्या दोघांच्याही पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती, की शिष्य संध्याकाळी स्वतःच्या वेळेचा मालक आहे. तालमीत यायला मोकळा आहे. लग्नगड्याला तेही नव्हतं. शिवाय इथे ताकद कमी नव्हतीच. गवत कापणं, झाडं तोडणं, ओझी वाहणं, ही कामं करणाऱ्या माणसाला जोर-बैठका कोण शिकवणार? नेम धरायचं म्हणाल तर तिरकमठा घरोघर. ताकद होती, नेम होता, आणि तरी सावकाराचा माणूस दिसला की पाय लटपटत. कमी होतं ते दुसरंच काहीतरी.

ते कुठून आलं याची गोष्ट गोदावरी परुळेकरांनी "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहिली आहे. पुस्तक १९७० चं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा लेख इथेच सोडून ते आधी मिळवावं, माझी हरकत नाही. गोदूताई पुण्याच्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात आजीव सदस्य झालेल्या पहिल्या स्त्री. नंतर त्या आणि शामराव परुळेकर कम्युनिस्ट पक्षात गेले आणि किसान सभेचं काम करू लागले. त्यांचं राजकारण सगळ्यांना पटेल असं नाही, आमच्या घरातही पटणारे कमीच होते. पण १९४५ साली त्या जंगलात रात्री-अपरात्री पायी फिरणारी पुण्याची बाई दुसरी कुणी नव्हती, हेही तितकंच खरं.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे या भागातले थोडे वारली गेले होते. ते परत आले ते परिषद आपल्याकडे घ्यायची असं ठरवूनच. २३ मे १९४५ ला झरी गावी ती झाली. तेव्हा हा भाग उंबरगाव तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात होता. तलासरी तालुका नंतरचा आणि पालघर जिल्हा तर २०१४ चा. झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. ठरलं ते असं, की वेठ करायची नाही. बारा आणे रोख मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर काम करायचं नाही. आणि मार निमूटपणे खायचा नाही.

पाच हजार माणसांनी एकदम ऐकलेला आणि एकमेकांसमक्ष दिलेला शब्द. भाची क्लास संपताना पाच वाक्यं म्हणते, इथे तीनच होती, आणि ती मातृभाषेत होती. म्हणणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळत होता आणि किंमत काय पडेल तेही कळत होतं.

झरीनंतर जे झालं ते मला कुठल्याही प्रात्यक्षिकापेक्षा जास्त विलक्षण वाटतं. लोक गटागटाने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून आणलं. कल्पना करा. ज्या उंबऱ्याकडे मान वर करून पाहायची हिंमत नव्हती तिथे शंभर-दोनशे माणसं उभी आहेत आणि म्हणतायत, आमचा माणूस द्या. बदला घ्यायला कारणं थोडी नव्हती. एकेकाच्या पाठीवर वळ होते. पण गोष्ट माणसं सोडवायची होती आणि माणसं सोडवून ते परत फिरले. काही आठवड्यांत ही प्रथा तिथून जवळपास उठली. पिढ्यान् पिढ्यांची! कायद्याने नाही, कोर्टाने नाही.

आपल्याकडच्या मार्शल आर्टच्या जाहिरातींत "आत्मविश्वास" हा शब्द फार स्वस्त झालाय म्हणून इथे वापरायला जीभ धजत नाही, नाहीतर तोच म्हटला असता.

मग आला ऑक्टोबर. गवत कापणीचा हंगाम. इथलं गवत मुंबईला जायचं, त्यात मोठा पैसा होता, आणि वारल्यांनी मजुरीसाठी संप केला होता. १० ऑक्टोबर १९४५ ला अफवा उठली. गोदूताईंची रात्री तलवाड्याला सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. जमीनदारांच्या माणसांनी ती मुद्दाम उठवली असं किसान सभेने पुढे सांगितलं. गोदूताई त्या भागात नव्हत्याच. पण निरोप पाड्यापाड्यातून गेला आणि हजारो माणसं काठ्या घेऊन तलवाड्याला जमली. पोलीस आले, पांगा म्हणाले. लोक हलले नाहीत. ज्या बाईला वाचवायला आलो तिला पाहिल्याशिवाय, किंवा तिचा निरोप आल्याशिवाय कसं जायचं? पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे असे पाच जण मेले, कितीतरी जखमी झाले.

मेले ते पाचही वारली होते. हजारोंचा जमाव, प्रत्येकाच्या हातात काठी, अंधार, डोळ्यांसमोर आपली माणसं पडतायत, आणि समोर मोजके पोलीस. त्यांच्यातला एकही ठार झाला नाही. सरकारने वारल्यांवर पुढे हिंसेचे पुष्कळ आरोप केले, परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. पण त्या रात्रीचा हा हिशोब कुणाला बदलता आलेला नाही.

मी अनेकदा विचार करतो की त्या रात्री त्या काठ्या खाली का राहिल्या? बंदुकीची भीती होती हे एक कारण असणारच, भाबडेपणाने ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसती भीती असती तर माणसं पळाली असती. ती पळाली नाहीत आणि तुटूनही पडली नाहीत. ती थांबली. हे तिसरं फार अवघड असतं, आणि फुनाकोशी काय, आपले वस्ताद काय, सगळे शिकवू पाहतात ते हेच. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं असेल तर ते तलवाड्याला सापडलं. शिकवायचं कारण, हात बांधलेला माणूस हात उचलत नाही याला काही अर्थ नसतो. झरीच्या आधीही वारल्यांचे हात खालीच होते की! त्याला कुणी संयम म्हणत नाही. तेच हात पाच महिन्यांनी काठी धरूनही खाली राहिले.

पाच महिन्यांत हे कसं जमलं याचं माझं उत्तर असं की त्यांचं शिक्षण काठीपासून सुरू झालं नव्हतं. ते सुरू झालं शब्दापासून, आणि तो कुणासमोर दिला होता तिथपासून. सभा, रात्रीच्या बैठका, एका पाड्याचा निरोप दुसऱ्या पाड्याला पोचवणं, लग्नगडी सोडवायला जाताना आपल्यातल्याच तापट माणसाला मागे ओढणं. हीच त्यांची तालीम. (मला तर तारप्याच्या नाचाचाही यात वाटा असावा असं वाटतं. एकमेकांना धरून, तारपेवाल्याच्या सुरावर, रात्रभर एका लयीत पाय टाकणारी माणसं. हा आपला माझा तर्क.)

आणि आता ज्याविषयी लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला ते. त्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले नावाचं गाव आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदी चालू असताना, तिथे दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशा तिघांना जमावाने काठ्यांनी मारून टाकलं. पोलीस हजर असताना. आधी कित्येक दिवस मुलं पळवणारे, चोर आलेत अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. त्यावरून पुढे जे राजकारण झालं त्यात मला जायचं नाही. आदिवासी म्हणजे असेच, असं तेव्हा काही शहाण्या लोकांनी लिहिलं, ते वाचून मात्र डोकं फिरलं होतं. कारण मला तलवाडा ठाऊक होता.

दोन्हीकडे अफवा, दोन्हीकडे रात्र, दोन्हीकडे गर्दी आणि काठ्या. डोंगर तेच. एका रात्री लोकांनी मार खाऊन काठी आवरली, दुसऱ्या रात्री निःशस्त्र माणसांवर ती चालवली. मधे पंच्याहत्तर वर्षं. तलवाड्याच्या गर्दीला थांबायला एक निरोप पुरला असता, आणि तो कुणाकडून यायला हवा हे प्रत्येकाला माहीत होतं. गडचिंचल्याच्या गर्दीत तसा शब्द कुणाचाच चालला नाही. गावातल्या जाणत्यांचा नाही, वर्दीचा नाही. टाळेबंदीत तर चार माणसं एकत्र बसून बोलायचीही सोय राहिली नव्हती, होता फक्त फोन. अफवा पोचवायला फोन फार चांगला, थांब म्हणायला फार वाईट.

१९४६ च्या शेवटी वारल्यांचा संप पुन्हा झाला, मजुरीवाढ पदरात पडली. ७ जानेवारी १९४७ ला पालघरकडे नानिवलीला पुन्हा गोळीबार होऊन पाच माणसं गेली. ते सविस्तर कधीतरी वेगळं लिहीन. तलासरीत दरवर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या आठवणीसाठी लोक जमतात. किनाऱ्याकडच्या डहाणूत किती जणांना ही तारीख माहीत आहे, शंकाच आहे. माझ्या बहिणीला नव्हती, आणि ती तिथे वीस वर्षं राहतेय.

आता सरकारी शाळांतून मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षणाचं शिक्षण आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने. शिक्षक येतात, ठोसा, लाथ, मनगट सोडवणं शिकवतात. उपयोगाचं आहे, झालंच पाहिजे. डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत हे शिकवणाऱ्याने एक तास मैदानावर न घालवता वर्गात बसून झरीची आणि तलवाड्याची गोष्ट सांगावी असं मला फार वाटतं. मुलींपैकी कुणाकुणाचे पणजोबा त्या रात्री तिथे असतील. बहिणीला मी पुस्तक पाठवलंय. भाचीला अजून जड जाईल, तिला मुक्ता साळवेचा निबंध आधी वाचून दाखव म्हटलंय, तिच्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी होती म्हणून.

गोदूताईंच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती कुणाकडे असेल तर कळवा. माझी प्रत आता डहाणूला गेली, ती काही परत येत नाही.